पहिलं वर्ष झाडाचं

कन्हेरी म्हटलं की बाहेरगावच्या माणसाला दोनच गोष्टी आठवतात, मारुतीचं देऊळ आणि निवडणुकीच्या प्रचाराचा तिथे फुटणारा नारळ. आमच्या गच्चीवर आलेला माणूस मात्र तिथल्या पसरट कुंड्या पाहून तिसराच विषय काढतो. मध्यंतरी शेजारचे एक डाळिंबवाले शेतकरी आले होते. कुंडीतल्या हातभर वडाकडे बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "वहिनी, राग मानू नका, पण आभाळाएवढं वाढणाऱ्या झाडाला असं उपाशी ठेवून तुम्हाला मिळतं तरी काय?"

मी त्यांना उलट विचारलं, "भाऊ, डाळिंबाचा बहार धरताना तुम्ही काय करता?" ते हसले. बागेला ताण द्यायचा, पानगळ करायची, छाटायचं, मग पाणी सोडायचं. हे सगळं ते वर्षानुवर्षं करत आले आहेत. "पण ते फळासाठी," ते म्हणाले. त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. मला फळ विकायचं नाही. मग मी झाडाला लहान का ठेवते आणि लहान ठेवते म्हणजे नक्की काय करते, याचं उत्तर मला देता यायला हवं. बोन्सायचं पहिलं झाड करणाऱ्या प्रत्येकाला हा प्रश्न कुणीतरी विचारतंच. म्हणून आज त्याविषयीच बोलायचं आहे.

सुरुवात माझ्या फजितीपासून करते. माझं पहिलं बोन्साय तीन आठवड्यांत मेलं. सोलापूर रस्त्याला उरुळी कांचन, सोरतापवाडीच्या बाजूला रोपवाटिकांची रांग आहे. तिथून मी नांद्रुकाचं एक तरतरीत रोप आणलं. मे महिना होता. त्याच संध्याकाळी पिशवी फाडून मुळांची माती झाडली, निम्मी मुळं कापली, निम्म्या फांद्या उतरवल्या, उरलेल्या फांद्यांना बांधकामाची लोखंडी तार गुंडाळली आणि शेतातली काळीभोर माती भरून ते झाड बोटभर खोलीच्या ट्रेमध्ये बसवलं. ट्रे गच्चीच्या कठड्यावर ठेवला. दोन दिवस तो फार सुंदर दिसत होता!

आठव्या दिवशी पानं पिवळी पडून गळू लागली. मला वाटलं, झाड तहानलंय. मी सकाळ-संध्याकाळ पाणी ओतत राहिले. तिसऱ्या आठवड्यात झाड उपसून पाहिलं तर मुळं काळी पडली होती आणि त्यांना कुजका वास येत होता. ट्रेच्या एकुलत्या एका भोकात चिकण माती गच्च बसली होती. झाड तहानेनं गेलं नव्हतं. मी त्याला बुडवून मारलं होतं.

आता विचार केला की चूक सरळ दिसते. एखाद्या माणसाचं गुडघ्याचं, पोटाचं आणि मोतीबिंदूचं ऑपरेशन एकाच दिवशी करून त्याला भर उन्हात बसवण्यासारखं ते होतं. मूळ पाणी घेतं, पान अन्न तयार करतं. दोन्ही एकदम काढून घेतल्यावर झाडाने उभं राहायचं कशाच्या जोरावर? आमच्या गावातल्या आणि बारामतीतल्या ज्या जणी आता माझ्याबरोबर झाडं करतात, त्यांना मी पहिल्या दिवशी एकच नियम सांगते. पहिलं वर्ष झाडाचं, आपलं दुसऱ्या वर्षापासून.

बोन्साय हा शब्द जपानी आहे. 'बोन' म्हणजे पसरट भांडं आणि 'साय' म्हणजे त्यात लावलेलं झाड. आपल्याकडे याला वामनवृक्ष असंही सुरेख नाव आहे. कला मात्र मुळात चीनमधली. इसवी सन ७०६ मधल्या एका चिनी राजपुत्राच्या थडग्यातल्या भित्तिचित्रात, तबकात मांडलेला छोटा देखावा हातात घेऊन चाललेले सेवक दिसतात. तिथून ही कला जपानला गेली आणि तिथे तिला आजचं शिस्तीचं रूप आलं. १९२३ च्या मोठ्या भूकंपात तोक्यो उद्‌ध्वस्त झालं, तेव्हा तिथले बोन्साय करणारे काही जण मोकळी जागा, चांगलं पाणी आणि स्वच्छ हवा शोधत शहराच्या उत्तरेला गेले आणि १९२५ मध्ये त्यांनी ओमिया इथे बोन्सायचं एक गावच वसवलं. ते आजही आहे.

पहिल्यांदा येणाऱ्या अनेकांना वाटतं की बोन्साय ही झाडाची वेगळी जात आहे आणि तिचं बी कुठेतरी विकत मिळत असावं. तसं काही नसतं. माझ्या कुंडीतल्या चिंचेला शेंग लागली आणि तिचा चिंचोका कुणी बांधावर टाकला, तर त्याचा भलाथोरला वृक्षच होईल. झाड लहान राहतं ते दोन कामांमुळे. वर नव्या कोंबांची छाटणी आणि खाली दर दोनतीन वर्षांनी मुळांची छाटणी.

त्यामागचं कारण शेतकऱ्याला नवं नाही. हरभरा वीतभर झाला की आपण शेंडे खुडतो. का? शेंड्याच्या डोळ्यात एक संप्रेरक तयार होतं आणि ते खालच्या डोळ्यांना झोपवून ठेवतं. शेंडा गेला की खालचे डोळे जागे होतात, फुटवे फुटतात आणि झाड उंच जायचं सोडून दाट होतं. बोन्साय म्हणजे हेच शेंडे खुडणं वर्षानुवर्षं, समजून-उमजून करत राहणं. मुळांचंही तसंच आहे. जाड सोटमूळ कापलं की कापल्या जागेजवळून बारीक मुळ्यांचा झुबका फुटतो. द्राक्षवाले ज्याला पांढरी मुळी म्हणतात, खरं खाणं-पिणं तिचं असतं. म्हणजे मुळं कापून आपण झाडाचं तोंड बंद करत नाही, उलट थोड्या जागेत जास्त तोंडं करून देतो. उपाशी ठेवलेलं झाड पिवळं पडतं, त्याच्या फांद्या वाळतात. त्याला घाट येत नाही. बोन्सायला खत-पाणी वेळच्या वेळी आणि बेताने द्यावं लागतं.

आता पहिलं झाड कोणतं घ्यायचं? पुस्तकांतले आणि दिनदर्शिकांवरचे फोटो पाहून पुष्कळ जण पाइन किंवा ज्युनिपर मागतात. ही थंड प्रदेशातली झाडं. बारामती-इंदापूरचा उन्हाळा चाळिशी पार करतो आणि पाऊस जेमतेम पाचशे मिलिमीटरच्या आसपास. इथे त्या झाडांचे हाल होतात आणि नवशिक्याचा हिरमोड होतो. आपल्याकडे आपली झाडं कमी आहेत का? वड, नांद्रुक, पिंपळ, उंबर, चिंच, विलायती चिंच, बोर, डाळिंब, कामिनी, बोगनवेल. ही सगळी ऊन सोसतात, छाटणी सोसतात आणि चुका माफ करतात. त्यातही अगदी पहिल्या झाडासाठी मी नांद्रुक सुचवते. त्याची पानं मुळातच लहान असतात, मुळ्या लवकर फुटतात आणि चार दिवस पाणी कमी-जास्त झालं तरी ते उभं राहतं. वडाचं पान मोठं, त्यामुळे तो अगदी छोट्या कुंडीत शोभत नाही, हातभर तरी वाढू द्यावा लागतो. छाटणीने पान थोडं लहान होतं, पण फूल आणि फळ लहान होत नाही. कुंडीतल्या बुटक्या डाळिंबाला लागलेलं फळ नेहमीच्या आकाराकडेच जातं. एखादंच ठेवावं आणि बाकीची कळी असतानाच काढावीत, नाहीतर फांदी मोडते.

झाड मिळवायचे मार्गही आपल्या अवतीभवती आहेत. वटपौर्णिमेला शहरातल्या बाजारात वडाच्या फांद्या विकायला येतात आणि पूजा झाली की दुसऱ्या दिवशी कचऱ्यात जातात. फांदी मुद्दाम तोडू नये असं माझं मत आहे. पण घरात आलेलीच असेल आणि ती निदान अंगठ्याएवढी जाड असेल, तर पानं काढावीत, एक दिवस सावलीत ठेवून चीक वाळू द्यावा आणि निचऱ्याच्या मातीत तिचा तिसरा हिस्सा पुरावा. ज्येष्ठातली ओल आणि ढगाळ हवा तिला मानवते. सगळ्या जगत नाहीत, पण दहातल्या दोन लागल्या तरी काय वाईट? घराच्या भिंतीच्या फटीत उगवलेला पिंपळ आपण नाहीतरी काढतोच, तो मुळासकट जपून काढला तर उत्तम. डाळिंबाची म्हातारी बाग काढताना जाड बुंध्याचे खुंट सरपणात जातात. मर रोगाने न गेलेला निरोगी खुंट निवडला, तर वीस वर्षांचा बुंधा आयता मिळतो. गुटी कलम तर डाळिंबवाल्यांना शिकवायलाच नको. तीच रीत वडा-नांद्रुकाच्या फांदीवर पावसाळ्यात उत्तम चालते.

एक गोष्ट मात्र करायची नाही. आमच्या बाजूच्या माळांवर शेळ्या-मेंढ्यांनी वर्षानुवर्षं कुरतडलेल्या बोरी-बाभळी दिसतात. बुंधा मांडीएवढा आणि उंची गुडघ्याएवढी. निसर्गानेच केलेले वामनवृक्ष. पाहून हात शिवशिवतात. पण वनखात्याच्या जमिनीतून झाड खणणं हा १९२७ च्या भारतीय वन कायद्याने गुन्हा आहे. कायदा बाजूला ठेवला तरी ते झाड तिथल्या माळाचं आहे. सुप्याजवळच्या मयूरेश्वर अभयारण्यातल्या चिंकारांसारखे प्राणी असल्याच झुडपांच्या आडोशाने जगतात. उन्हाळ्यात खणलेली म्हातारी बोर शंभरातून फार थोड्या वेळा जगते. ती तिथेच राहू द्यावी आणि तिच्याकडे बघून शिकावं.

माझ्या त्या हातभर वडाची गोष्ट इथे सांगते. २०२२ च्या पावसाळ्याच्या तोंडावर आमच्या भागातला एक रस्ता रुंद होत होता. कडेचे जुने वड पडत होते. त्यातल्या एकाच्या सावलीत मी लहानपणापासून एसटीची वाट पाहिलेली. तो आडवा झाला त्या दिवशी मी तिथे गेले आणि तोडणाऱ्या माणसांना विचारून मनगटाएवढ्या जाडीच्या तीन फांद्या, दीड-दीड हात लांब, घरी आणल्या. दोन वाळल्या. तिसरीला महिन्याभराने तांबूस कोंब आला. छाटापासून वाढलेलं झाड म्हणजे वनस्पतिशास्त्राच्या हिशेबाने मूळ झाडच असतं, त्याचं मूल नव्हे. रस्त्यावरच्या वडाची सावली काही माझ्या कुंडीतून परत येणार नाही, हे मला कळतं. पण तो वड संपूर्ण संपलेला नाही, हेही खरं आहे. म्हणूनच त्या फांदीच्या बाबतीत मला नांद्रुकाची चूक पुन्हा करायची नव्हती.

तर मी काय केलं? पहिलं वर्षभर काहीच नाही. तिला मोठ्या कुंडीत ठेवलं आणि वाढेल तशी वाढू दिली. नवशिक्यांना सगळ्यात अवघड जातं ते हेच. सगळ्यांना जाड बुंधा हवा असतो, पण झाड मात्र पहिल्या दिवसापासून उथळ ट्रेमध्ये हवं असतं. या दोन गोष्टी एकत्र जमत नाहीत. बुंधा जाड होतो तो पानांनी केलेल्या अन्नावर. पानं जितकी जास्त तितका बुंधा लवकर भरतो. त्यामुळे बारीक रोप आणलं असेल, तर ते दोनतीन वर्षं मोठ्या कुंडीत किंवा सरळ बांधावर वाढू द्यावं. तळाशी एखादी फांदी मुद्दाम मोकाट सोडावी. तिच्यामुळे खालचा भाग फुगतो आणि काम झालं की ती कापून टाकता येते.

या वर्षात शिकायचं ते पाणी. आपल्याकडे त्यासाठी जगात कुठे नसेल असा नेमका शब्द आहे, वाफसा. मातीत ओलही आहे आणि हवाही खेळते आहे, ती स्थिती. कुंडीतही तेच हवं. घड्याळ पाहून पाणी द्यायचं नाही. खराट्याची एक काडी कुंडीच्या कडेने मातीत खोचून ठेवावी. उपसून पाहिली आणि ओलसर गार लागली तर थांबावं, कोरडी लागली तर कुंडीच्या तळाच्या भोकांतून वाहीपर्यंत पाणी द्यावं. एप्रिल-मेमध्ये उथळ कुंडीला दिवसातून दोनदा पाणी लागतं, भर पावसात चारचार दिवस लागत नाही. कुंडी गच्चीच्या तापलेल्या फरशीवर न ठेवता दोन विटांवर ठेवावी, म्हणजे खालून भाजत नाही आणि निचराही होतो. उन्हाळ्यात दुपारच्या उन्हाला आडोसा हवा. मात्र बोन्साय दिवाणखान्यात ठेवायची वस्तू नाही. पाहुणे आले तर एखादा दिवस आत आणावं, मुक्काम बाहेरच.

दुसरी गोष्ट माती. काळी माती उसाला सोनं असेल, पण उथळ कुंडीत ती वैरीण. ओली असताना लोण्यासारखी चिकट, वाळली की दगड आणि मुळं तोडणाऱ्या भेगा. आम्ही वीटभट्टीवरून फुटक्या विटा आणतो, कुटतो आणि दोनदा चाळतो. हरभऱ्याच्या डाळीपासून अख्ख्या हरभऱ्यापर्यंतच्या आकाराचे तुकडे ठेवतो, धूळ टाकून देतो. हे तुकडे दोन भाग, चाळलेला मुरूम किंवा जाडी वाळू एक भाग आणि दोन वर्षं कुजलेलं शेणखत एक भाग. विटेचा तुकडा पाणी पिऊन धरून ठेवतो आणि दोन तुकड्यांमधल्या फटीत हवा राहते. हाच झाला कुंडीतला वाफसा. भोकांवर नायलॉनच्या जाळीचा तुकडा टाकला की काम झालं.

आमच्याकडे आणखी एक अडचण आहे ती पाण्याच्या जडपणाची. बोअरचं पाणी देत राहिलं की कुंडीच्या कडेला आणि बुंध्यावर पांढरा थर चढतो. अति पाण्याने आणि खराब निचऱ्याने क्षारपड झालेली शेतं इथल्या लोकांनी पाहिली आहेत. ट्रेमध्ये तेच वितभर जागेत होतं. शक्य असेल तर पत्र्यावरचं पावसाचं पाणी पिंपात साठवावं. नसेल तर महिन्यातून एकदा इतकं पाणी ओतावं की क्षार धुऊन खालून निघून जातील. आणि बुंध्यावरचा पांढरा थर जुन्या दातघासणीने ओला करून घासावा.

एक वर्ष झाड टिकलं, दोनदा जोमाने फुटलं, की मग हत्यार हातात घ्यायचं. वडाच्या जातीच्या झाडांची कुंडी बदलायची वेळ आम्ही आमच्या पंचांगाने ठरवली आहे. तुकोबांच्या पालखीला काटेवाडीत धोतरांच्या पायघड्या पडल्या, मेंढ्यांचं रिंगण झालं आणि पालखी इंदापूरकडे निघाली, की दुसऱ्या दिवशी आम्ही मुळांना हात घालतो. आषाढातल्या दमट हवेत पान पाणी कमी उडवतं आणि कापलेल्या मुळाला सावरायला अवसर मिळतो. डाळिंब-बोरीसारख्या झाडांचं काम माघ-फाल्गुनात, नवी पालवी फुटायच्या आधी. मुळांचा तिसऱ्या हिश्शाहून जास्त भाग एका वेळी काढायचा नाही. सोटमूळ आधी, बारीक मुळ्या जपायच्या. झाड ट्रेमध्ये बसवल्यावर तळातून तारेने बांधून घ्यायचं, कारण वाऱ्याने हललं की नवी पांढरी मुळी तुटते. मग दोनतीन आठवडे सावलीत. या काळात खत नाही, तार नाही, मोठी छाटणी नाही. एका हंगामात एकच मोठं काम.

आकाराचा विचार करताना मी नवशिक्यांना पुस्तकाआधी शिवारात पाठवते. एखादं जुनं झाड निवडा, त्याच्यासमोर अर्धा तास बसा आणि वहीत काढा. चित्र चांगलं यायला हवं असं नाही. बुंधा मुळाशी रुंद आणि वर निमुळता आहे का? खालची फांदी जाड आणि वरची बारीक आहे का? पहिली फांदी जमिनीपासून किती उंचीवर आहे? बहुतेक वेळा एकूण उंचीच्या साधारण तिसऱ्या हिश्शावर ती दिसते. माळावरची बाभूळ छत्रीसारखी पसरते. वड उंचीपेक्षा रुंदीला जास्त असतो आणि त्याच्या पारंब्या खांब होऊन फांद्यांना धरतात. कोलकात्याजवळ हावड्याच्या वनस्पती उद्यानातल्या प्रसिद्ध वडाचा मूळ बुंधा बुरशी लागल्याने १९२५ मध्ये काढावा लागला, तरी झाड पारंब्यांवर आजही उभं आहे. जपानी पुस्तकांतले सरळ, वळणदार, कलते, कड्यावरून खाली झुकलेले असे सगळे प्रकार जरूर शिकावेत. पण वडाला पाइनचा आकार दिला की तो उसना कोट घातल्यासारखा दिसतो.

मग झाडाची पुढची बाजू ठरवायची, म्हणजे जिथून मुळांचा पसारा आणि बुंध्याचं वळण छान दिसतं ती. एकाच जागेवरून समोरासमोर निघालेल्या दोन फांद्यांतली एक काढायची. आत वळलेल्या, एकमेकींना घासणाऱ्या फांद्या काढायच्या. कापण्याआधी त्या फांदीवर फडकं टाकून झाड दुरून बघावं. फडकं उचलता येतं, कापलेली फांदी चिकटवता येत नाही.

तार सगळ्यात शेवटी. मी पहिल्यांदा नीट तार घालायला बसले तेव्हा सासूबाई ओट्यावरून म्हणाल्या, "आगं, त्या झाडाला फास लावतीस काय?" मला तेव्हा राग आला होता. पण त्या अर्ध्या बरोबर होत्या. तार ॲल्युमिनिअमची, फांदीच्या तिसऱ्या हिश्श्याएवढी जाड, तिरप्या वेढ्यांनी आणि झाडाच्या अंगाला नुसती टेकेल अशी घालायची असते. वडवर्गातली झाडं पावसाळ्यात इतकी भरभर जाड होतात की तीनचार आठवड्यांत तार सालीत रुतते. रुतलेल्या तारेचा व्रण वर्षानुवर्षं जात नाही. माझ्या एका नांद्रुकावर असा पिळाचा व्रण आहे आणि सासूबाई पाहुण्यांना तो आवर्जून दाखवत. म्हणून तार घातली त्या दिवशी दिनदर्शिकेवर खूण करायची आणि काढताना उलगडत न बसता पक्कडीने तुकडे करून काढायची. तार नकोच असेल तरी काही अडत नाही. फांदीला सुतळीचा ताण देऊन ती खाली ओढता येते. किंवा ज्या दिशेला डोळा असेल त्याच्या वर छाटायचं, नवा कोंब त्याच दिशेला जातो. चीनमध्ये एक अख्खी परंपरा अशी केवळ छाटणीवर उभी आहे.

पिठ्या ढेकूण दिसला तर पाच टक्के निंबोळी अर्क, थोडा साबण आणि जुना ब्रश, एवढं पुरतं. वाढीच्या दिवसांत पंधरा दिवसांनी शेणस्लरीचं पातळ पाणी द्यावं. पुण्याला जाणं झालं तर जानेवारीत एम्प्रेस गार्डनमध्ये भरणारं पुष्पप्रदर्शन पाहावं, तिथे बोन्सायही मांडलेली असतात. नवशिक्याने तिथे शेंड्याकडे कमी आणि मुळांकडे जास्त बघावं.

घरात बोन्साय असलं की प्रगती खुंटते, असंही कुणी ना कुणी सांगतंच. त्यांना मी एका झाडाची गोष्ट सांगते. १६२५ पासून कुंडीत जोपासलेला एक पांढरा पाइन जपानमध्ये हिरोशिमाच्या यामाकी कुटुंबाकडे होता. ६ ऑगस्ट १९४५ ला अणुबाँब पडला, तेव्हा ते घर स्फोटाच्या जागेपासून जेमतेम तीन किलोमीटरवर होतं. बागेच्या भिंतीच्या आडोशाने झाड वाचलं, माणसंही वाचली. १९७६ मध्ये, बाँब टाकणाऱ्या अमेरिकेच्या स्वातंत्र्याला दोनशे वर्षं झाली तेव्हा, मासारू यामाकी यांनी ते झाड अमेरिकेलाच भेट दिलं. त्यामागची हकीकत त्यांनी मोठ्याने सांगितली नाही. २००१ मध्ये त्यांचे नातू वॉशिंग्टनला ते झाड पाहायला गेले, तेव्हा ती तिथल्या लोकांना कळली. झाड आजही जिवंत आहे. चारशे वर्षं रोज कुणीतरी त्याला पाणी घातलंय. झाडाला उपाशी ठेवून हे होत नाही. आणि दोन दिवस परगावी जाताना शेजारणीच्या हातात पाण्याची झारी देऊन जावं लागतं, तेव्हा कुणी कुणाला बांधून ठेवलंय हेही आपल्याला कळतं.

माझ्या वडाला तीन पावसाळे मोकळं वाढू दिल्यावर मी पसरट कुंडीत आणलं. गेल्या पावसात त्याच्या एका फांदीला दोऱ्याएवढी पारंबी फुटली. ती मातीत टेकावी म्हणून मी तिला बांबूच्या पोकळ नळीतून खाली आणते आहे. तिचा खांब व्हायला अजून बरीच वर्षं आहेत.

आणि ते डाळिंबवाले भाऊ? मागच्या आठवड्यात आले ते पोत्यात एक खुंट गुंडाळून घेऊन. जुनी बाग काढत होते, त्यातला एक निरोगी बुंधा त्यांनी बाजूला ठेवला होता. मोठ्या कुंडीत तो बसवला, पाणी घातलं. त्यांनी खिशातून सिकेटर काढलं आणि विचारलं, "आता कुठून कापायचा, वहिनी?"

मी म्हटलं, "पुढच्या वर्षी या."

(आकाशवाणीवरील भाषणाचं संपादित रूप)